दोघांपुरतं बाकडं

आदरणीय सुशीलाताई मिटकरी यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मी ‘सहकारी या नात्याने’ लेख लिहावा, असं संपादक मंडळाने कळवलं. सहकारी मी आहेच. दर गुरुवारी मुखेडहून एसटीने लातूरला जाते, ताईंच्या विवाह समुपदेशन केंद्रात बसते आणि संध्याकाळच्या गाडीने परत येते. पण ताईंची आणि माझी पहिली ओळख काही सहकारी म्हणून झालेली नाही. त्यांच्या घरातल्या बाकड्यावर मी माझ्या नवऱ्याशेजारी बसले होते, तिथेच आमची खरी ओळख झाली. हे लिहू का, असं मी ह्यांना विचारलं. “लिही की. लपवायचं काय त्यात?” असं म्हणाले, म्हणून लिहिते आहे.

आमची मुलगी ऋतुजा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, तेव्हा मुखेडातल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला, पोरीला लातूरला टाका. आमच्या भागात हुशार मूल जन्माला आलं की त्याचा रस्ता ठरलेलाच असतो. पण मुलगी एकटी कशी राहणार, म्हणून मी तिच्यासोबत गेले. क्लासेसच्या गल्लीत एक खोली घेतली. माझे पती गंगाधरराव यांचं मुखेडला बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, ते तिथेच राहिले. त्या इमारतीत प्रत्येक खोलीत अशीच एक आई होती, कुणी किनवटची, कुणी धर्माबादची, आणि प्रत्येकीचा नवरा गावाकडे. सकाळी एकाच वेळी सगळ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, आणि टेस्टचा निकाल लागला की सगळ्यांचे फोन एकाच वेळी वाजायचे.

ह्यांचा फोन रोज यायचा. “टेस्ट कशी गेली? फिजिक्सला किती? जेवती का नीट?” मी उत्तरं द्यायचे. मग हे म्हणायचे, “बरं, ठेवतो.” ऋतुजाची अकरावी-बारावी अशीच गेली. आम्ही भांडलो नाही, रुसलो नाही. भांडायला तरी वेळ कुठे होता? शेवटी ऋतुजाला नागपूरला मेडिकलला प्रवेश मिळाला, पेढे वाटले गेले, आम्ही दोघं तिला हॉस्टेलवर सोडून आलो. येताना नागपूर ते नांदेड आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो, त्याहून जास्त मी शेजारच्या अनोळखी बाईशी बोलले.

मग एका दुपारी मी लातूरच्या घरमालकीणबाईंना जाऊन सांगितलं, “खोली माझ्याकडेच राहू द्या.” त्या बघतच राहिल्या. “पोरगी तर गेली. आता कुणासाठी?” एखाद्या हॉस्टेलवर रेक्टरचं काम बघेन, नाहीतर मुलांसाठी मेस चालवेन, असं काहीतरी बोलले. खरं एवढंच होतं की मुखेडला परत जायची मला भीती वाटत होती. हे मला कधी वावगा शब्द बोललेले नव्हते, हात उगारणं तर दूरच. मग भीती कशाची, हे माझं मलाही सांगता येत नव्हतं.

मालकीणबाईंनी ही गोष्ट समोरच्या घरात पोचवली. दुसऱ्या दिवशी सुती साडीतल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या एक बाई माझ्या दारात आल्या. कपाळावर विभूती होती. नाव सांगितलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या. “मालक कधी येणार तुमचे? आले की दोघं माझ्याकडे या. ओल्या शेंगांचं पोतं पडलंय घरात. सोलायला माणसं पाहिजेत.”

रविवारी हे आले. मी निरोप सांगितला, तर म्हणाले, “शेंगा सोलायला लातूरला आलो का मी?” तरी आले. ताईंच्या फाटकावरची ‘विवाह समुपदेशन’ ही पाटी वाचून मात्र जागीच थांबले.

“आपलं काय बिघडलंय?” हे म्हणाले.

“शेंगा सोलायच्यात म्हणाल्या त्या.”

“पाटीवर तर तसं न्हाई लिहिलेलं.”

तेवढ्यात ओट्यावरून ताईंचा आवाज आला, “उन्हात काय भाषण करून राहिलात? आत या की!” मग पळून जायचा रस्ताच उरला नाही.

ज्यांनी ताईंची खोली पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिथे टेबल नाही. शाळेत दोन मुलं बसतात तसलं एक लाकडी बाकडं आहे, खिडकीकडे तोंड करून ठेवलेलं. खिडकीबाहेर कडुनिंब आहे आणि त्यापलीकडे क्लासला जाणाऱ्या मुलांच्या सायकली. नवरा-बायकोने त्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसायचं. ताई बाजूला स्टुलावर बसतात, तेही जरा मागे. समोर परात असते. परातीत मोसमाप्रमाणे शेंगा, मटार, लसूण, नाहीतर निवडायची मेथी. लातूरच्या समुपदेशन केंद्रात येणारी जोडपी ताईंच्या घरचा स्वयंपाक उरकून देतात, असं ताईंचे यजमान अप्पा सगळ्यांना सांगत असतात.

आम्ही बसलो. ताईंनी अट घातली ती एकच. “परात रिकामी होईस्तोवर लेकीचं नाव घ्यायचं न्हाई. तिचा अभ्यास न्हाई, तिचं हॉस्टेल न्हाई. बाकी काय बी बोला.”

मला वाटलं, यात काय अवघड आहे? मी तोंड उघडलं आणि ह्यांना हाक मारायला गेले, “ऋतुजाचे बा...” आणि थांबले. हेही मला काही सांगायला वळले, “ऋतुजाची आई...” असं अर्धवट म्हणून गप्प झाले. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना नावाने बोलावत नाहीत. लेकराच्या नावानेच हाक मारायची रीत आहे. ते एक नाव काढून घेतल्यावर आम्हाला एकमेकांना हाकसुद्धा मारता येईना.

ताईंनी मागून विचारलं, “मग लेकरू व्हायच्या आधी काय म्हणून हाक मारत होतात?”

ह्यांनी हातातली शेंग फोडली. मग म्हणाले, “हाक मारायची गरजच पडत नव्हती, ताई. ही जवळच असायची.”

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. मान खाली घालून मी सोलत राहिले. थोड्या वेळाने लक्षात आलं की माझ्यासमोर दाण्यांचा एक वेगळा ढीग झाला आहे. बारीक, गुलाबी, दुधाळ दाणे. ते मी ठेवलेले नव्हते. हे शेंग फोडायचे, टपोरा दाणा परातीत टाकायचे आणि कोवळा दाणा माझ्याकडे सरकवायचे. आपण असं करतो आहोत हे त्यांच्याही ध्यानात नसावं. ताईंनी ते पाहिलं.

“हे काय? वेगळे कशाला काढून राहिलात?”

“हिला कवळे दाणे आवडतात,” हे म्हणाले.

“मला कशाला सांगता? माझं लगीन झालंय का तुमच्याशी? तिला सांगा.”

हे गोंधळले. हातातली शेंग तशीच ठेवून माझ्याकडे वळले आणि शाळेतल्या मुलाने धडा म्हणावा तसे म्हणाले, “तुला कवळे दाणे आवडतात.”

एवढंच ते वाक्य. पण लातूरला आल्यापासून मला काय आवडतं, हे कुणी बोललेलं नव्हतं. मी स्वतःही नाही. मी पदर तोंडाला लावून रडले. हे घाबरले. ताईंनी ना पाणी आणलं, ना समजूत घातली. परात आमच्याकडे थोडी सरकवली आणि म्हणाल्या, “अजून लई राहिल्यात. चालू द्या.”

त्या दुपारी मी ह्यांना सांगितलं की मला मुखेडच्या घराची भीती वाटते. लातूरला मी एकटीने बँकेत जायला शिकले होते, स्कूटी शिकले होते, चार मैत्रिणी केल्या होत्या. आणि तिकडे ते घर. सकाळी हे दुकानाला जाणार, उशिरा येणार, जेवणार, झोपणार. आता तर मध्ये ऋतुजाही नाही. त्या शांततेत मी काय करू? हे सगळं मी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत बोलले. ह्यांच्या तोंडाकडे बघून बोलायला लागले असते, तर दुसऱ्या वाक्यालाच माझा शब्द अडला असता.

हे सोलत सोलत ऐकत होते. मग म्हणाले, “तुम्ही दोघी गेल्यापासून दुकान मी उशिरा बंद करतो. गिऱ्हाईक नसतं. नुसता बसून राहतो. कुलूप उघडून घरात गेलं की भांड्याचाबी आवाज येत न्हाई. तुला वाटतंय तसंच मला वाटतं. मी समजत होतो, तू तिथं खुशीत हायस, उगं कशाला सांगावं.”

मी काही लगेच सामान बांधून मुखेडला गेले नाही. तसं असतं तर ताईंना पोतंभर शेंगा लागल्याच नसत्या. त्या मोसमात आम्ही कितीतरी रविवार त्या बाकड्यावर काढले. एका रविवारी तर चांगलं कडाक्याचं भांडण झालं, लग्नातल्या मानपानापासूनचं सगळं निघालं. ताई खूश झाल्या. “आता कसं नवरा-बायकोवाणी वाटायलात!” दिवाळीच्या आधी मी मुखेडला परत आले. टेम्पोत गॅसची शेगडी, गादी आणि माझी स्कूटी होती. स्कूटी आणायचा हट्ट माझा आणि ती चढवायला हात ह्यांचा. गुरुवारी लातूरला जाऊन ताईंच्या हाताखाली शिकायचं, हेही त्याच बाकड्यावर ठरलं.

ही पद्धत ताईंना सुचली कशी, हे त्या प्रत्येक नव्या शिकाऊ समुपदेशकाला सांगतात, आणि त्यात स्वतःची चूक आधी सांगतात. त्र्याण्णव साली इकडे भूकंप झाला तेव्हा ताई लातूरच्या एका शाळेत शिक्षिका होत्या. औसा तालुक्यातल्या एका पत्र्याच्या शेडच्या वस्तीत त्या शाळेतर्फे मदत घेऊन गेल्या आणि नंतर सुट्टी मिळेल तशा जातच राहिल्या. तिथे एक जोडपं होतं, त्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता. दोघं एका शेडमध्ये राहत, पण बोलत नव्हते. ताईंना वाटलं, बोलून मन मोकळं होतं. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि म्हणाल्या, एकमेकांकडे बघा, मुलाबद्दल बोला. त्या माणसाने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, उठला आणि बाहेर निघून गेला. बायकोने ताईंशी बोलणंच सोडलं.

“पोरगा दिसायला आईच्या तोंडावर गेलेला होता,” ताई सांगतात. “तोच चेहरा मी त्याच्या समोर धरला. मला कळायला पाहिजे होतं.”

पुढे एकदा त्या वस्तीत गेल्या, तेव्हा शेडमध्ये भरणाऱ्या शाळेत सुट्टी होती. मुलांच्या एका बाकड्यावर ते दोघं मदतीत आलेले तांदूळ निवडत बसले होते. तोंडं भिंतीकडे, हात सुपात. बाई हळू आवाजात पोराचं काहीतरी सांगत होती, माणूस खडे काढत “हाव, हाव” म्हणत होता. ताई आत गेल्या नाहीत. दाराबाहेरच उभ्या राहिल्या आणि आवाज न करता परत फिरल्या. वस्तीतल्या लोकांना पक्की घरं मिळाली, शाळाही हलली, तेव्हा मोडीत निघालेलं ते बाकडं अप्पांनी गावच्या लोकांना विचारून लातूरला आणलं. आम्ही बसलो ते हेच.

एकदा मी ताईंना म्हणाले होते, त्या माणसांचं दुःख कुठे आणि आमची रडगाणी कुठे. तुम्हाला आमचा राग नाही येत? ताई हसल्या. “राग कशाचा? त्यांचं लेकरू गेलं होतं, तुमचं हॉस्टेलला गेलंय. देवाची केवढी मेहेरबानी हाय. म्हणून तर म्हणते, बोला की गं!”

ताईंचा स्वभाव मऊ आहे, पण त्यांचं बाकडं सगळ्यांसाठी नाही, हेही सांगायला हवं. नांदेडला आम्ही दोघींनी एक शिबिर घेतलं होतं. तिथे एक सासरे सून आणि मुलाला घेऊन आले. “ताई, हिला जरा समजावा, संसार मोडायला निघाली.” मुलीने पदर मनगटापर्यंत ओढून घेतला होता. ताईंनी बाकी सगळ्यांना बाहेर काढलं, तिच्याशी एकटीने बोलल्या आणि तिचे वळ पाहिले. मग बाहेर येऊन म्हणाल्या, “हिला मी या पोराशेजारी बसवणार न्हाई. बाकडं बोलणाऱ्यांसाठी हाय, मारणाऱ्यांसाठी न्हाई.” सासरे बरेच तापले, ताईंना नको ते बोलले. ताईंनी त्या मुलीला स्वतःसोबत पोलीस ठाण्यात नेलं आणि तिथून तिच्या माहेरी पोचवलं. संसार जोडून देणाऱ्या बाई म्हणून ताईंची ख्याती आहे. मला मात्र ताई आठवतात त्या, त्या मुलीचा हात धरून रिक्षात बसलेल्या.

ताईंच्या संसाराबद्दल लिहिलं नाही, तर अप्पा रागावतील. अप्पांचं कापडाचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. दोघंही मूळचे उदगीरचे. पाहुण्यांसमोर भांडायची वेळ आली की दोघं कन्नडमध्ये घुसतात, म्हणजे कुणाला कळू नये. पण येणाऱ्यांत उदगीर-निलंग्याकडची माणसं पुष्कळ असतात, त्यामुळे कळतं सगळ्यांना, आणि सगळे तोंड दाबून हसत राहतात. माझं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा ताई लातूरहून डबा पाठवत होत्या आणि डब्यासोबत अप्पांना. अप्पा दवाखान्यात माझ्या खाटेपाशी बसायचे आणि ह्यांना बाहेर चहाला पिटाळायचे. “काळजी करणाऱ्यालाबी चहा लागतो,” म्हणायचे.

अलीकडे अप्पांना कमी ऐकू येतं. यंत्र कानाला लावायला ते तयार नाहीत. मागच्या गुरुवारी मी गेले, तर केंद्रात कुणी नव्हतं. ताई आणि अप्पा दोघंच बाकड्यावर बसून लसूण सोलत होते. ताई काहीतरी रंगवून सांगत होत्या, अप्पा मान डोलवत होते. ताई पाणी आणायला आत गेल्या, तेव्हा मी अप्पांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, “अप्पा, ऐकू येतं का तुम्हाला ताईंचं?”

“शब्द न्हाई येत,” अप्पा म्हणाले. “पण ती बोलून राहिली एवढं कळतं. तेवढ्यानं भागतं माझं.”

हा लेख पुरा होत आला, तेव्हा मी ह्यांना विचारलं, तुमच्याकडून ताईंबद्दल काय लिहू? आम्ही आमच्या ओट्यावर शेंगा सोलत बसलो होतो. आमच्याकडेही आता एक बाकडं आहे. मुखेडच्या सुताराकडून ह्यांनीच करून घेतलं, माप सांगितलं, “दोघांपुरतं कर, तिसरा बसायला नको.” ह्यांनी विचार केला आणि म्हणाले, “लिही, त्या बाईनं आपल्याला एकबी गोष्ट शिकवली न्हाई. नुसतं शेजारी बसवलं.” ताईंच्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला जमलं नसतं, म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. ऋतुजा होती. ती आता डॉक्टर झाली आहे, तिला वेळ मिळेल तेव्हा फोन करते, आणि तिचा फोन म्हटलं की एके काळी आम्ही दोघं हातातलं टाकून धावायचो. ह्यांनी फोन कानाला लावला, तिचं थोडं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बेटा, घंट्याभरानं कर. आम्ही बोलून राहिलो.” आणि फोन बाजूला ठेवून पुन्हा शेंगा सोलायला लागले.

ताई, तुमच्यामुळे आमच्या घरात रोज बोलणं होतं, कधी भांडणही होतं, आणि मला आता संध्याकाळची भीती वाटत नाही. पुढच्या गुरुवारी ओल्या शेंगा घेऊन येते. त्यातले कोवळे दाणे तुम्हा दोघांसाठी. तुम्हाला आणि अप्पांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि तुमच्या त्या बाकड्यावरच्या दोन्ही जागा पुष्कळ वर्षं भरलेल्या राहोत.